खार कुठल्या भाषेतला

“खार,” ती म्हणाली, आणि घास तोंडातून बाहेर आला.

मी सॉसची वाटी हातात धरून तसाच उभा राहिलो. दवाखान्यातून घरी आल्यापासून माझ्या हातचं काही खाऊन माझी बायको पहिल्यांदाच काही बोलली होती, आणि बोलली तो शब्द नेमका आमच्या घरातल्या दोन्ही भाषांत आहे. मराठीत खार झालं म्हणजे मीठ जास्त पडलं. कन्नडमध्ये खार म्हणजे तिखट. ती जन्मानं कन्नड, अळणावरकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन माझ्याकडे आली आणि मराठी शिकली, आणि त्यानंतरचा आमचा सगळा संसार मराठीत झाला. भांडणंसुद्धा मराठीत. मग एका सकाळी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कित्येक आठवड्यांनी थोडे शब्द परत आले ते सगळे कन्नड. नीर. साकु. ब्याड. पाणी, पुरे, नको. मराठीचा एक शब्द आला नाही.

म्हणून त्या दोन अक्षरांवर माझा जीव टांगला गेला. तो खार मराठीतला असेल तर ती अजून होती, आमच्या घरातली होती, मला ओळखत होती. कन्नडमधला असेल तर तिनं मला फक्त तेवढंच सांगितलं होतं जे तिनं नर्सला किंवा समोर येणाऱ्या कुणालाही सांगितलं असतं.

मी बोट बुडवून सॉस चाखला. तो जाळ तिखट होता आणि खारटही झाला होता. साठी उलटल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाकडून दुसरं काय व्हायचं!

मी वकील. धारवाडच्या कोर्टात जन्म काढला. साक्षीदार मोघम बोलला की त्याला कोंडीत कसं पकडायचं ते मला चांगलं माहीत आहे. मी तिच्या समोर बसलो आणि विचारलं, “तिखट की खारट?” ती माझ्याकडे बघत राहिली. “तिखट?” मी जीभ बाहेर काढून हा-हा करून दाखवलं. “की खारट?” खारटाचा अभिनय कसा करतात ते मला येईना, म्हणून नुसतं तोंड वाकडं केलं. तिनं डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. उलटतपासणी संपली.

हा शब्द आमच्या घरात याआधीही एकदा गोंधळ घालून गेला होता. लग्नाला महिना झाला नसेल. आई मिरजेकडची, तिला कन्नड येत होतं ते भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. नव्या सुनेनं आमटीचा पहिला भुरका घेतला आणि शिकायच्या उत्साहात मराठीतच सांगितलं, “आमटी खार झालीय.” आईनं मुकाट्यानं आमटीत बटाटा सोडला, मीठ शोषून घ्यायला. दुसऱ्या दिवशी मीठ निम्म्यावर आणलं. सून पुन्हा म्हणाली, खार. आईनं आणखी कमी केलं. सुनेला मिरची सोसत नव्हती आणि सासू मीठ काढत होती. सुनेचं मन मोडायचं नाही म्हणून आई बोलेना, आईचा मान राखायचा म्हणून आम्ही बोलेना, आणि घरातली सगळी माणसं खाली मान घालून तसलं बेचव जेवत राहिली. शेवटी एका रात्री वडिलांनी ताट पुढं सरकवलं आणि ओरडले, “अळणी आहे हे! आठवडाभर अळणी खातोय मी!” सुनेनं घाबरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, अळणी म्हणजे काय हो. मी सांगितलं. मग सगळा उलगडा झाला आणि आई हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली.

तेव्हापासून अळणी हा तिचा लाडका शब्द झाला. नुसत्या जेवणापुरता नाही. टीव्हीवरची मालिका अळणी, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न अळणी, आणि सगळ्यांत जास्त वेळा मी. मी कोर्टातून आलो की ती विचारायची काय झालं, मी म्हणायचो तारीख पडली, की ती म्हणायची, “अळणी माणूस.” सरकारी शाळेत गणित शिकवायची ती. बोलायला लागली की वर्ग गप्प बसायचा, आणि घरी आम्ही.

आता घर गप्प होतं. उणकलला तलावाच्या बाजूला आम्ही नवा फ्लॅट घेतला तो निवृत्तीनंतर दोघांनी तलावाकाठी फिरायचं म्हणून. गॅलरीतून पाणी दिसतं. मी तिची चाकाची खुर्ची रोज सकाळी तिथं नेऊन ठेवायचो आणि ती पाण्याकडे बघत बसायची. तिनं मला हाक मारली नाही. पूर्वी दिवसातून शंभरदा ‘अहो’ व्हायचं, माझा चष्मा कुठं आहे हो, गॅस बंद केलात का हो. तो ‘अहो’ गेला. पाणी हवं असेल तर ती म्हणायची, “नीर कोड्री.” इकडच्या कन्नडमध्ये कुणाशीही बोलताना अदबीनं ‘री’ लावतात. रिक्षावाल्याला री, डॉक्टरला री. मलाही री.

तिची सगळी काळजी घ्यायला दिवसा एक बाई येतात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. तारिहाळच्या बाजूनं येतात, बोलायला मोकळ्या. त्या कन्नडमध्ये बडबडतात आणि माझी बायको त्यांना हूं म्हणते, कधी साकु म्हणते, एकदा तर हसलीसुद्धा. मी दाराआडून ऐकत उभा राहायचो. या वयात मला माझ्याच घरात एका बाईचा हेवा वाटू लागला, ते लपवायला मी पेपर तोंडासमोर धरायचो.

तुम्ही म्हणाल, मग मी कन्नडमध्ये का बोललो नाही. मी बोललो. मला कन्नड येत नाही असं नाही, उभी वकिली त्या भाषेत केली. पण माझं कन्नड कोर्टातलं आणि बाजारातलं. मी तिच्यापाशी बसून कन्नडमध्ये विचारलं, आज तुम्हाला कसं वाटतंय, आणि माझ्याच कानांना ते जज्जसाहेबांपुढं उभं राहून बोलल्यासारखं ऐकू आलं. त्या भाषेत मी तिच्याशी कधी भांडलो नव्हतो, तिची कधी मनधरणी केली नव्हती, तिला कधी अगं म्हटलं नव्हतं. कन्नडमध्ये नवरा कसं व्हायचं ते मला ठाऊकच नव्हतं. तिनं सभ्यपणे मान हलवली. साक्षीदार हलवतो तशी.

मुलगी पुण्याला असते. रोज व्हिडिओवर फोन करते. “आई, मी आहे गं,” असं म्हणते आणि वाट बघते, आणि आई तिच्याकडे बघून हसते, पण शब्द येत नाही. मग मुलगी मला म्हणते, “बाबा, फोन तुमच्याकडे घ्या,” आणि कॅमेरा बंद करते.

आता हा सॉसचा उद्योग मी का मांडला ते सांगतो. ती जेवत नव्हती. डॉक्टरांनी सगळं खायची परवानगी दिली होती, घास लहान हवा आणि ती ताठ बसलेली हवी, एवढीच अट. पण खिचडी पुढं केली की ती ओठ मिटायची. अक्कांनी भरवलेलं थोडं जायचं, माझ्या हातचं नाही. एके दिवशी अक्कांनी तिला चहाबरोबर बेकरीतला टोस्ट दिला. तिनं तो खाल्ला नाही. डावा पंजा टोस्टवर ठेवला आणि दाबला. टोस्ट मोडला. ती दाबत राहिली, सावकाश, तळहाताचा मनगटाकडचा भाग फिरवत, चुरा बारीक होईपर्यंत. अक्का रागावल्या, ताटली उचलून नेली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं.

अक्कांना तो हट्ट वाटला. मला नाही. मी तो पंजा असा फिरताना वर्षानुवर्षं बघितला होता. लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा बाहेर जेवायला नेलं ते कोप्पीकर रोडवरच्या एका हॉटेलात. तिथं फ्लॉवर आणि गाजर ब्रेडचा चुरा लावून तळून आणलेलं, बरोबर वाटीत लालसर सॉस. आम्ही दोघांनीही असलं काही कधी खाल्लं नव्हतं. ती प्रत्येक तुकडा उलटा करून बघत होती, चुरा चिकटतो कसा म्हणून. पुढच्याच रविवारी तिनं घरी करून बघितलं, बेकरीतले टोस्ट तळव्यानं चुरून. मग ते आमच्या घरचंच झालं. मुलीचा वाढदिवस असो, माझी मोठी केस संपलेली असो, ओट्यावर टोस्टचा चुरा पसरलेला असायचा. सॉस तिचा स्वतःचा, दह्याचा चक्का, भिजवून वाटलेली ब्याडगी मिरची, लसूण, मीठ आणि गुळाचा खडा.

तर मी ठरवलं की ती मला ते करायला सांगते आहे. कदाचित ती तसलं काही सांगत नव्हती. कदाचित तिला टोस्टचा नुसता राग आला होता. पण बुडणाऱ्या माणसाला काय, मी लागलीच बाजारात गेलो.

पहिल्या दिवशीचा तो सोहळा मी सविस्तर सांगणार नाही. फ्लॉवर उकळत्या पाण्यातून काढला आणि ओलाच मैद्याच्या पिठात बुडवला. पीठ घसरलं. चुऱ्यात घोळवायला गेलो तर चुरा तुकड्याला चिकटायच्या ऐवजी माझ्या बोटांना चिकटला. थोड्याच वेळात माझ्या दोन्ही हातांत मोजे घातल्यासारखे थर बसले. नळ उघडायचा तर कशानं, हा प्रश्न पडला. कढईत तुकडा सोडला की चुरा सुटून तेलात जळायचा आणि फ्लॉवर उघडावाघडा वर यायचा. अक्का दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. सॉससाठी मी ब्याडगीऐवजी भलतीच मिरची उचलली होती हे नंतर कळलं. आणि मीठ दोनदा पडलं, कारण पहिल्यांदा घातलेलं मी विसरलो.

त्यातला कमी जळलेला तुकडा सॉसमध्ये बुडवून मी तिला भरवला, आणि ती म्हणाली, खार.

त्या रात्री मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग रागावली. “बाबा, तुम्ही तिला असं विचारत बसू नका ना. ती काय कोर्टात उभी आहे?”

“मला कळायला हवं ना, ती कुठल्या भाषेत बोलली.”

“आणि कळून काय करणार?”

मी म्हणालो, “तुझी आई आहे का नाही ते कळेल.” मग ती म्हणाली, “आई आहे. समोर बसलीय तुमच्या.” मला तिचा राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

आठवड्यातून दोनदा मी तिला बोलण्याच्या व्यायामासाठी एका तरुण मुलीकडे नेतो. तीच स्पीच थेरपिस्ट. तिला मी विचारलं, पहिली भाषा राहते आणि नंतरची जाते असं असतं का. ती म्हणाली, असं काही ठरलेलं नसतं काका, कधी एक आधी येते, कधी दुसरी, कधी दोन्ही एकात मिसळून येतात. मी विचारलं, मग मराठी येईल का. ती म्हणाली, मी तसं सांगू शकत नाही. कोर्टात असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. इथं मी नुसता मान हलवत बसलो. निघताना ती म्हणाली, “त्यांना प्रश्न विचारू नका. त्यांच्याबरोबर काहीतरी काम करा. हाताला काम असलं की शब्द आपसूक येतात कधी कधी.”

हाताला काम. ज्या बाईचा उजवा हात मांडीवर गोळा होऊन पडलेला, तिच्या हाताला मी काय काम देणार!

उत्तर मुलीच्या फोनमधूनच आलं. चुरा हाताला चिकटतो त्यावर काय करायचं, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “अहो बाबा, एक हात ओला, एक हात कोरडा. आई तेच सांगायची ना सारखी. एका हातानं पिठात बुडवायचं, त्या हातानं चुऱ्याला शिवायचं नाही. चुऱ्याला दुसरा हात. ओला हात चुऱ्यात गेला की संपलं.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. एक हात ओला, एक हात कोरडा. तिच्याकडे एकच हात उरला होता. ओला हात मी होऊ शकत होतो.

रविवारी सकाळी मी तिची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी आणली. या वेळी फ्लॉवर, गाजर आणि ढबू मिरची नुसती वाफवून फडक्यावर पसरून नीट कोरडी केली होती. मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर, मिरपूड, मीठ, आणि पाणी बेताचं. मुलीनं सांगितलं होतं, बोट बुडवून बाहेर काढलं की बोट झाकलेलं दिसलं पाहिजे. मी तिच्यापुढं टोस्ट ठेवले आणि काही बोललो नाही. तिनं टोस्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पंजा ठेवला आणि चुरायला लागली.

मी फ्लॉवरचा तुरा पिठात बुडवला, वरचं पीठ झटकलं आणि तिच्यापुढच्या ताटात ठेवला. तिनं डाव्या हातानं चुरा त्याच्यावर ढकलला, अलगद दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला. तुऱ्याच्या फटीफटीत चुरा बसला. तिनं तो बाजूच्या ताटलीत ठेवला आणि हात पसरला. पुढचा. मी पुढचा दिला. मी ओला, ती कोरडी. गाजराच्या फोडी, ढबू मिरचीच्या पट्ट्या. एका ओळीत ताटली भरत होती.

मध्येच माझ्या हातून एक फोड निसटून चुऱ्यात पडली. ती काढायला मी पिठानं माखलेली बोटं चुऱ्यात घातली. फट्! तिनं माझ्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं आणि माझ्या मनगटावर चुऱ्याचा पंजा उमटला होता. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम पुन्हा बोटं चुऱ्याजवळ नेली. तिनं पुन्हा मारली. अक्का धावत आल्या, काय झालं म्हणून. काही झालं नाही, मी म्हणालो, बाईसाहेब शिकवताहेत.

तळायचं काम मी केलं, सॉसही मीच केला. या वेळी ब्याडगी मिरची घेतली, बिया काढून टाकल्या, गरम पाण्यात भिजवली. तव्यावर लसूण आणि मिरची जरा परतली तर ठसका असा उठला की माझ्या डोळ्यांतून नाकातून पाणी. चक्क्यात सगळं वाटून घातलं, गूळ घातला. मीठ घालताना माझा हात थांबला. त्या एका शब्दाच्या भीतीनं मी मीठ चिमटीनं घालत गेलो आणि दर वेळी चाखत गेलो, मीठ बरोबर लागेपर्यंत. मग थांबलो. मला पुन्हा खार ऐकायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ऐकायचंही होतं. सॉस तिखट नाही याची मी खात्री केली होती, म्हणजे आता ती खार म्हणालीच तर तो मराठीतलाच असणार. प्रश्न विचारायचा नाही असं मला सांगितलं होतं, तर मी वाटीतून प्रश्न विचारत होतो. जित्या माणसाची वकिली अशी सहजासहजी सुटत नाही.

पहिला घाणा सोनेरी निघाला. एकाही तुकड्याचा चुरा सुटला नाही. मी ताटली तिच्यापुढं ठेवली, वाटी ठेवली आणि समोर बसलो. डोळ्यांतलं पाणी अजून थांबलं नव्हतं, मिरचीचं. मी ते बाहीनं पुसत होतो.

तिनं फ्लॉवरचा तुरा उचलला, वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. कुर्र असा आवाज झाला. तो आवाज ऐकून ती थांबली, जणू तिला तो ओळखीचा वाटला. मग चावून चावून खाल्ला, गिळला. सॉस हनुवटीवर आला तो अक्कांनी पुसला. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“अळ...णी,” ती म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. अळणी! माझ्या आईच्या स्वयंपाकघरात शिकलेला शब्द. हा शब्द तिला अक्कांनी दिला नव्हता, तिच्या माहेरानं दिला नव्हता. मी वाटीत बोट बुडवून चाखलं. मीठ होतं. पुन्हा चाखलं. मीठ बरोबर होतं. मी अक्कांपुढं वाटी धरली, “उप्पु सरी ऐतेन?” मीठ बरोबर आहे का?

अक्कांनी चाखलं. “सरी ऐतरी.” बरोबर आहे.

“मग ही अळणी का म्हणाली?”

“काय म्हणाल्या?” अक्कांना मराठी कळतं थोडं, पण हा शब्द त्यांना माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, “इल्लरी साहेबर. ‘अळ नी’ अंदरु.”

नाही साहेब, ‘अळ नी’ म्हणाल्या. कन्नडमध्ये अळ म्हणजे रड. नी म्हणजे तू. अक्कांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, “निम कण्णाग नीर ऐतल्लरी.” तुमच्या डोळ्यांत पाणी आहे ना. ते बघून म्हणाल्या त्या. तू रड म्हणाल्या, नाहीतर तू रडतोस म्हणाल्या, नाहीतर रडू नको म्हणायचं असेल आणि तेवढंच जमलं असेल.

पुरावा सगळा अक्कांच्या बाजूनं होता. सॉसमध्ये मीठ होतं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मधे ती थांबली होती ते मीही ऐकलं होतं. माझ्या बाजूनं काय, तर माझी इच्छा. जगातल्या कुठल्याही कोर्टात मी ही केस हरलो असतो. मी मुलीला फोन लावला, फोन तिच्यापुढं धरला, आणि तिनं मुलीकडे बघून हसत दुसरा तुकडा वाटीत बुडवला. मुलगी म्हणाली, “बाबा, नक्की काय म्हणाली ती?” मी म्हणालो, मला माहीत नाही.

फोन ठेवला आणि खाली बसलो. एवढं करूनही मला काही कळलं नव्हतं, आणि कळण्याची सोयही नव्हती. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. बोटांना चुरा लागलेला होता, कोरडा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की अक्का त्यात एक शब्द सांगून गेल्या होत्या, नी. तिनं मला आयुष्यात कधी तू म्हटलं नव्हतं. मराठीत अहो, कन्नडमध्ये री. डॉक्टरला री, अक्कांना री, इतके महिने मलाही री. नी म्हणतात ते फक्त अगदी आतल्या माणसाला. मराठीतला अळणी असेल तर तो शब्द आमच्या घरचा होता. कन्नडमधला असेल तर ज्या भाषेत मला तिचा नवरा होता येत नव्हतं, त्या भाषेत तिनं मला जवळ बोलावलं होतं.

ती माझ्याकडे बघत होती. वाट बघत असावी.

मी डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन वाटीत घातलं आणि ढवळलं. मग तिच्यासमोर बसून रडलो.